आठवीसाठी सत्तावीस सूचना

जून आला की माझा संशय वाढतो. एरवीही मी चटकन विश्वास ठेवणाऱ्यांपैकी नाही. नाशिकच्या सातपूर भागातल्या एका कारखान्यात मी स्टोअर सांभाळते. आलेला माल चलनाप्रमाणे आहे की नाही हे पाहणं माझं काम, आणि त्या खुर्चीत भाबडं माणूस सहा महिनेसुद्धा टिकत नाही. पण जूनमध्ये हा संशय कारखान्याच्या फाटकातून माझ्याबरोबर बाहेर पडतो आणि थेट बाजारात येतो. रविवार कारंज्याच्या आसपास वह्यांचे गठ्ठे रचलेले असतात. दोनशे पानी म्हणून विकलेली वही मी दुकानातच मोजते. दुकानदार तोंड वाकडं करतो, मी मोजत राहते. खाकी कव्हरचा कोरडा वास, नव्या दप्तरांचा रेग्झिनचा वास, गणवेशाच्या दुकानात टेप गळ्यात अडकवून उभा असलेला माणूस आणि त्याचं ठरलेलं वाक्य, "वाढत्या अंगाचं घ्या ताई." वाढत्या अंगाचा गणवेश वर्षभर लोंबतो आणि अंगाला नीट बसायला लागेपर्यंत विरतो, हे त्यालाही माहीत असतं आणि मलाही.

शाळांच्या फाटकांशी क्लासवाल्यांची हसतमुख तरुण मुलं पत्रकं वाटत उभी असतात. 'आठवीपासूनच पाया पक्का.' कुठल्या इमारतीचा पाया, ते पत्रकात लिहिलेलं नसतं. जो माणूस एका हाताने फुकट काही देतो, त्याचा दुसरा हात कुठे आहे ते आधी बघावं. हे वाक्य माझंच आहे. यंदाच्या सूचनांमध्ये ते बाराव्या क्रमांकावर होतं.

सूचना म्हणजे माझ्या भाचीसाठी लिहिलेल्या. माझा धाकटा भाऊ प्रवीण सटाण्याजवळच्या आमच्या गावी शेती बघतो. त्याची मुलगी ईश्वरी गावातल्या शाळेत सातवी झाली आणि आठवीपासून, म्हणजे हायस्कूलसाठी, यंदा आमच्याकडे नाशिकला राहायला आली. आम्ही म्हसरूळला राहतो. मुलगा पुण्याला शिकतो, घरात आम्ही दोघंच. तिला सोडायला आला तेव्हा प्रवीण बशीत चहा ओतत म्हणाला, "ताई, तूबी आठवीलाच इथं आली होतीस. हिला चार गोष्टी लिहून दे. तुला याद्या करायची सवयच शे."

गावाकडचं 'शे', म्हणजे 'आहे', त्याच्या तोंडून अजून सुटलेलं नाही. चार गोष्टींच्या सत्तावीस झाल्या. मी काही त्या एका बैठकीत लिहिल्या नाहीत. भाजी निवडताना एक सुचली, बसथांब्यावर दोन, कारखान्यात माल उतरत असताना पाच. प्राथमिक शाळेत बाईंना तुझं नाक कधी वाहतं तेसुद्धा ठाऊक असतं. हायस्कूलमध्ये तू हजेरीतला क्रमांक असतेस, तेव्हा समजलं नाही तर त्याच दिवशी हात वर कर, कोणी आपणहून विचारायला येणार नाही. वेळापत्रक भिंतीवर लाव, पण पहिले पंधरा दिवस त्याच्यावर विसंबू नकोस, ते बदलतं. वरच्या वर्गातली मुलगी आपल्या जुन्या वह्या देऊ लागली तर घे, पण त्यातली उत्तरं तपासल्याशिवाय उतरवू नकोस. 'हे सर परीक्षेत हेच विचारतात' असं सांगणाऱ्याला विचार, तुला किती मार्क पडले. पहिल्याच दिवशी कोणी मैत्रीण म्हणवून घेऊ लागली तर आठवडाभर थांब, बघ तिला काय हवंय. डबा कोणाशी वाटून खाऊ नकोस. घरचं काही कोणाला सांगू नकोस.

ईश्वरीने ती दोन पानं उभ्याने वाचली. तेरा वर्षांची मुलगी, पण वाचताना तिच्या कपाळावर आमच्या आबांसारखी आडवी आठी पडते. "आत्या," ती म्हणाली, "यातल्या अभ्यासाच्या चार-पाचच हायेत. बाकी सगळ्या माणसांपासून सांभाळून राहायच्या."

"अभ्यास तुला येतो," मी म्हटलं.

आमचे हे वर्तमानपत्रामागून म्हणाले, "मैत्री करायला आलेल्या मुलीकडून आधार कार्डाची झेरॉक्स घ्यायची, हे राहिलं का गं लिहायचं?"

मी लक्ष दिलं नाही. पानं प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून मी तिच्या दप्तरात ठेवली.

हा स्वभाव आला कुठून, याचा मी कधीतरी विचार करते. आबा, म्हणजे आमचे वडील, कांद्याची ट्रॉली भरून बाजार समितीत न्यायचे. एकदोनदा मीही ट्रॉलीच्या कडेला बसून गेले. आमचा उन्हाळ कांदा आई आणि मी हाताने निवडलेला असायचा, वरपासून तळापर्यंत एकसारखा. तरी व्यापाऱ्याचा माणूस यायचा, बाही सरकवायचा आणि कोपरापर्यंत हात ढिगात खुपसून खालचे चार कांदे वर काढायचा. त्या वेळी आबा दुसरीकडे बघायचे. त्यांना ते लागायचं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण घरी आल्यावर आबा स्वतः तेच करायचे. बियाणं घेताना, बैल बघताना, सोयरीक जुळवतानासुद्धा. "वरचा थर बघून भाव करायचा नाय," म्हणायचे. त्यांच्यावर कोणी केलेला संशय त्यांना डाचायचा आणि तोच ते आम्हाला शहाणपण म्हणून शिकवायचे. मी तो शिकले. मला तो फार चांगला जमला.

मी आठवीला आले तेव्हा पंचवटीत मावशीकडे राहायचे. मावशीची खोली अशा बोळात होती की समोरून सायकल आली तर एकाने भिंतीला चिकटायचं. पहाटेपासून गंगेकडे जाणाऱ्यांच्या चपलांचा आवाज, ओल्या धोतरांचा वास, मेथीच्या जुड्या उतरवणाऱ्यांची हाकाहाक. गोदावरीला नाशिकचे लोक गंगा म्हणतात हेही मला इथे येऊन कळलं, आणि मला वाटलं, हे आपल्याला गावाकडची समजून फसवताहेत. मावशी म्हणाली "गंगेवर जाऊन ये", तर मी दोन दिवस कुणालाच काही न विचारता ही कुठली गंगा ते शोधत होते.

शाळा मुलींची होती, सकाळची. नीट न वाळलेल्या गणवेशांचा कुबट वास वर्गात भरलेला असायचा आणि पंखा तो इकडून तिकडे फिरवायचा. मी तोंड उघडत नव्हते, कारण उघडलं की गावाकडची बोली बाहेर पडायची. तोंड बंद असलं की डोळे जास्त चालतात. वहीच्या शेवटच्या पानांवर मी याद्या करायला लागले. कोण कोणाशेजारी बसतं. कोण घंटेनंतर किती मिनिटांनी येतं. कोणत्या बाई कोणत्या मुलीचं नाव घेऊन बोलतात. कोण मला हसलं. ती यादी जरा लांब होती.

माझ्या बाकावर दुसऱ्याच दिवशी मनीषा येऊन बसली. मखमलाबादची. तिच्या घरची फुलशेती होती. पहाटे वडिलांबरोबर टेम्पोत बसून ती फुलं घेऊन गंगेवर यायची, त्यांच्याबरोबर विकायला बसायची आणि तिथूनच चालत शाळेत. तिच्या परकराचा, म्हणजे त्या निळ्या स्कर्टचा, काठ कायम ओला असायचा आणि बोटांना शेवंतीच्या देठांचा हिरवा, कडवट वास यायचा. तिने मला आपादमस्तक बघितलं. "कुठली गं तू?"

"सटाण्याकडची."

"म्हणजे बागलाण. केस लय जाड हायेत की तुझे, बागलाण. थांब." आणि तिने दप्तरातून एक शेवंती काढून माझ्या वेणीत खोचली. विचारलं नाही, सवरलं नाही. मधल्या सुट्टीत मी आरशापुढे जाऊन फुलात काही किडाबिडा नाही ना ते बघून आले.

त्यानंतर रोज एक फूल. कधी शेवंती, कधी गुलाबाची मिटलेली कळी, कधी नुसता मरव्याचा तुरा. मला ते आवडायचं. किती आवडायचं ते सांगायला मी तोंड उघडलं असतं तर बरं झालं असतं. मी दर वेळी फक्त मान हलवायचे आणि मनात म्हणायचे, हिला माझ्याकडून काय हवंय? माझ्याकडे तर काहीच नव्हतं. म्हणूनच मला ते जास्त खुपायचं. ज्याचं कारण दिसत नाही असं चांगलं वागणं मला आजही नीट बसू देत नाही.

मग कारण सापडलं. निदान मला तसं वाटलं. जुलैच्या शेवटी आमच्या वर्गशिक्षिका बाईंनी वह्या तपासताना माझी मागची पानं पाहिली. मला वाटलं आता ओरडतील, पण त्यांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "इतकं नीटनेटकं कोणी शिकवलं तुला?" आणि मला मॉनिटर केलं. उशिरा येणाऱ्यांची नावं एका छोट्या वहीत लिहायची, शनिवारी बाईंना द्यायची. आधीची मॉनिटर कोणाचीच नावं लिहायची नाही, असं कळलं. मला ते पटलं नाही. वही दिली आहे तर ती भरायला हवी.

श्रावण लागला. श्रावणात नाशिकला फुलं पुरत नाहीत. सोमवारी बेल आणि पांढरी फुलं, मंगळवारी मंगळागौरीच्या पूजेची, शुक्रवारी पुन्हा. मनीषाला आधीही कधीमधी उशीर व्हायचा, आता रोज व्हायला लागला. प्रार्थना संपत आली की ती मागच्या दाराने आत यायची, धापा टाकत, केसांत पाकळ्या अडकलेल्या. पहिल्या दिवशी बाकावर बसता बसता तिने माझ्या पुढ्यात एक टपोरा गुलाब ठेवला आणि हळूच म्हणाली, "माझं नाव लिहू नको हां बागलाण. श्रावण संपू दे. मग मी तुझ्याआधी येत जाईन."

तो गुलाब माझ्यासमोर होता आणि मला आबांचं बोलणं ऐकू येत होतं. वरचा थर. म्हणजे ही दोन महिने फुलं देत होती ती याच्यासाठी. जून महिन्यात तिला कसं माहीत असणार होतं की मी मॉनिटर होणार आहे, हा साधा प्रश्न मला पडला नाही. संशयाला असे प्रश्न पडत नाहीत. संशयाचा हिशेब फार चटकन जुळतो, आणि तो जुळला की माणसाला आपण हुशार आहोत असं वाटतं.

मी गुलाब तिच्याकडे सरकवला. "मला नको," म्हटलं. तिने माझ्याकडे बघितलं, मग तो उचलून पुढच्या बाकावरच्या मुलीच्या वेणीत खोचला.

मी तिचं नाव लिहिलं. एवढंच करून थांबले नाही. माझ्याजवळ मागच्या पानांवर सगळं टिपलेलं होतंच. त्याआधीचे उशिराचे दिवसही मी त्या वहीत भरले, तारखेसह, घंटेनंतर किती मिनिटांनी आली त्यासह. शनिवारी बाईंनी वही चाळली आणि सगळ्या वर्गाला उंच धरून दाखवली. "नोंद अशी ठेवतात." मला अजून आठवतं, माझे कान गरम झाले होते, आणि ते शरमेने नव्हे.

पुढच्या आठवड्यात मनीषाच्या वडिलांना बोलावलं. वर्गाच्या दाराशी ते उभे होते. खांद्यावर टॉवेल, पायजम्याला झेंडूच्या पाकळ्या चिकटलेल्या. आत यायला बाई म्हणाल्या तरी ते आत आले नाहीत, चपला चिखलाच्या होत्या म्हणून. मी दारालगतच्या बाकावर होते. सगळं ऐकू येत होतं.

"पोरगी हुशार हाय का, बाई?" त्यांनी विचारलं. "नसंल तर तसं सांगा. नेतो."

"हुशार आहे हो. चांगली हुशार आहे. पण वेळेवर यायला नको का? एवढे उशीर? हायस्कूल आहे हे. वेळेचं महत्त्व आहे की नाही?"

"वेळेचं म्हणाल तर, वेळ आमच्याकडंबी नाय, बाई," ते म्हणाले. रागाने नाही. जणू एखादी वस्तू घरात शोधून पाहिली आणि नाही सापडली, अशा आवाजात.

पोळ्यानंतर मनीषा आली नाही. नंतर एकदा आली, कुठल्याशा कागदावर सही घ्यायला. वर्गात येऊन आमच्या बाकाच्या कप्प्यात राहिलेली तिची कंपासपेटी तिने घेतली. मी काहीतरी बोलायला हवं होतं. बोलली तीच. वडिलांना ती दादा म्हणायची. "दादांनी मला विचारलं, त्या पोरीनं लिहिलंय ते खरं हाय का. मी म्हटलं, हाय. एकबी तारीख खोटी नाय तिची." आणि गेली.

मी त्या वाक्यात टोमणा शोधला. पुष्कळ वर्षं शोधला. रागाने म्हणाली असती, रडली असती, तर मला काहीतरी उत्तर देता आलं असतं. पण तिने नुसतं खरं सांगितलं होतं, आणि माझीही प्रत्येक नोंद खरी होती. खऱ्या नोंदींनी एखादीचं बाक रिकामं करता येतं, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. ती दुसऱ्या शाळेत गेली की घरी बसली, मला कळलं नाही. मखमलाबाद शाळेपासून फार लांब नव्हतं. मी गेले नाही. पुढे नोकरीला लागल्यावर एकदा फुलवाल्यांमध्ये चौकशी केली. एक म्हणाली, ती गिरणारे गावात दिलीय, मळा आहे त्यांचा मोठा. दुसरा म्हणाला, छे, ती तर नर्स झाली. मला दोघांचंही खरं वाटलं नाही.

हे मी घरात कोणाला सांगितलेलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात काय होतं? आणि दर जूनला ते आठवतं, म्हणून दर जूनला मी जास्त सावध होते; म्हणजे जिथे चूक झाली तीच गोष्ट अजून पक्की करते. हे मला यंदा कळलं, तेही ईश्वरीमुळे.

शाळा सुरू होऊन तिसरा आठवडा चालू होता. बुधवारी दुपारी कारखान्यात प्रवीणचा फोन आला. "ताई, पोरगी परत येते म्हणती. रोज संध्याकाळी रडती फोनवर. आता इथल्या इथं गावाजवळ नाव घालतो. रविवारी गाडी घेऊन येतो."

"माझ्याकडे तर एका शब्दाने बोलली नाही."

"तुझ्याकडं कोण बोलंल, ताई?" तो म्हणाला. सहज म्हणाला, त्याच्या ध्यानातही आलं नसेल.

ईश्वरी परत गेली तर पुढे काय, ते मला दिसत होतं. गावाजवळच्या शाळेत विज्ञानाला शिक्षक नाहीत. ही मुलगी गणितात वर्गातल्या कोणालाही मागे टाकेल अशी आहे. एकदा परत गेलेली मुलगी पुन्हा बाहेर पडत नाही, तिचं कोणी ऐकतच नाही, "एकदा जाऊन आलीस ना?" म्हणतात. आणि ती का जाते आहे, ते मला माहीत नव्हतं. मी लगेच अंदाज बांधले. कोणीतरी चिडवतंय. कोणी काही मागतंय. कोणी काही दाखवलंय मोबाइलवर. घरी आले. ती अंघोळीला गेली होती. मी तिचं दप्तर उघडलं. हे बरोबर नाही हे मला कळत होतं, तरी मी हात तळापर्यंत घातला.

काही नव्हतं. वह्या, कंपासपेटी, डबा, आणि ते फोल्डर. फोल्डरमध्ये माझी दोन पानं. प्रत्येक सूचनेपुढे पेन्सिलने बारीक, सरळ बरोबरची खूण केलेली. सत्तावीसच्या सत्तावीस. आठवडाभर थांब, खूण. घरचं सांगू नकोस, खूण. डबा वाटून खाऊ नकोस, खूण. आणि त्या एका खुणेपुढे पुन्हा एक, पुन्हा एक, रोजची एक, अशी एक लहानशी ओळ.

मी ते पान हातात घेऊन पलंगावर बसले. ती बाहेर आली, ओले केस टॉवेलात गुंडाळलेले. माझ्या हातातलं पान तिने बघितलं. दप्तर का उघडलं, असं तिने विचारलं नाही. तिला ते अपेक्षितच असावं.

"सगळं पाळलंय," ती म्हणाली.

"मधल्या सुट्टीत कुठे बसतेस?"

"बाकावर. मी एकटीच असते वर्गात. बाकीच्या खाली जातात झाडाखाली."

"बोलवत नाहीत?"

"सानिका म्हणून हाय एक. पहिल्या दिवशीच म्हणाली, चल खाली जेवायला. मी म्हटलं, मला आठवडा थांबायचंय." तिने टॉवेल सोडला, परत गुंडाळला. "तिनं विचारलं, कशासाठी? मी म्हटलं, घरचं सांगायचं नाय. मग तीनचार दिवस विचारलं तिनं. मग बंद झाली. आठवडा झाल्यावर मी वाट बघितली. पण आता ती दुसऱ्यांच्यात बसती."

मी हसले असते, दुसऱ्या कोणाची गोष्ट असती तर. सूचना पाळणाऱ्या मुलीसारखी दुसरी वाईट शिक्षा सूचना लिहिणाऱ्याला नसते. माझ्या मुलाने माझी एकही यादी कधी पाळली नाही, म्हणून तो बचावला, हेही मला तेव्हाच सुचलं.

मी तिला काय सांगणार होते? अठ्ठाविसावी सूचना? मी तिला मनीषाचं सांगितलं. फुलांपासून कंपासपेटीपर्यंत सगळं. स्वतःला सोडवण्याचा प्रयत्न केला नाही. एक-दोनदा 'मी लहान होते' असं जिभेवर आलं, पण समोर बसलेली तेवढीच होती. संपल्यावर तिच्या कपाळावर ती आठी आली.

"मग तू तिच्या घरी का नाय गेलीस?"

"कुठे राहते ते नक्की माहीत नव्हतं."

"विचारायचं ना कोणाला."

"हो," मी म्हटलं. "विचारायला हवं होतं."

खालच्या मजल्यावर कोणीतरी लसणाची फोडणी दिली होती, तिचा वास खिडकीतून आला. मग ती म्हणाली, "सानिका नाय म्हणाली तर?"

"म्हणेल. म्हणू शकते. तू पण तिला चार दिवस नाहीच म्हणालीस."

"मग?"

"मग दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. डबा घेऊन. याच्यापुढचं मला माहीत नाही, ईश्वरी. खरंच माहीत नाही. मी ते कधी केलेलं नाही."

तिने माझ्याकडे जरा संशयानेच बघितलं. मला बरं वाटलं नाही त्या नजरेने. ती नजर मी ओळखते.

गुरुवारी मी डब्यात दोन पोळ्या जास्त घातल्या. घातल्या आणि काही बोलले नाही. संध्याकाळी डबा धुताना तो रिकामा होता, पण त्यावरून काय समजायचं? पोळ्या कोणी खाल्ल्या, कुत्र्याला घातल्या, टाकल्या, काहीही असू शकतं. मी विचारलं नाही. शुक्रवारी डब्याला मसाल्याचा अनोळखी वास येत होता, आमच्या घरात न होणाऱ्या कुठल्यातरी लोणच्याचा. तेही विचारलं नाही. हे न विचारणं मला किती जड गेलं ते स्टोअरमधल्या मुलांना ठाऊक आहे. त्या दोन दिवसांत मी त्यांच्याकडून एकेक नट-बोल्ट मोजून घेतला. शनिवारी रात्रीच्या जेवणाला ती म्हणाली, "आत्या, उद्या सानिकाकडं जाऊ? जेवायला बोलावलंय. तिची मम्मी घरी हाय."

माझ्या तोंडात पाच प्रश्न तयार होते. मी आमटीभाताचा घास घेतला. "जा," म्हटलं.

रविवारी सकाळी दहाला ती गेली. खाली सानिका घ्यायला आली होती म्हणे. मी गॅलरीत गेले नाही. बाराला प्रवीण आला. मोकळी पिकअप घेऊन, पेटी आणि गादी ठेवायला मागे ताडपत्रीही आणली होती. त्याने घरभर नजर फिरवली.

"कुठंय ती?"

"मैत्रिणीकडे गेलीय. जेवायला."

"कोणत्या मैत्रिणीकडं?"

"सानिका म्हणून आहे वर्गातली."

"आडनाव काय तिचं? राहती कुठं? बाप काय करतो?"

"मी विचारलं नाही."

प्रवीण खुर्चीवर बसला आणि माझ्याकडे बघत राहिला. आमचे हे वर्तमानपत्राआड खोकले.

"फोन नंबर तरी घेतलास?"

"नाही."

"ताई," तो हळूच म्हणाला, "तुझी तब्येत बरी शे ना?"

मी त्याला जेवायला वाढलं. तो जेवला, पण मान सारखी दाराकडे. "सामान बांधलंय का तिनं?" "तिला विचार." "येते म्हणाली होती ना ती परत?" "तिला विचार, प्रवीण." दोन वाजले. अडीच वाजले. पुढच्या अर्ध्या तासात काय काय होऊ शकतं याची मनात एक यादी तयार होत होती, क्रमांक घालून, आणि मी ताटं घासत होते, घासलेली परत घासत होते.

तीन वाजून गेल्यावर खाली फाटकाशी दोन मुलींचा आवाज आला. काय बोलत होत्या ते कळत नव्हतं. एक बोलायची, मग दुसरी, मग दोघी एकदम. मी नळ बंद केला. आता वर येईल म्हणून प्रवीण उठून उभा राहिला. कोणी आलं नाही. आवाज तिथेच होता, फाटकाशी, निरोप घेतल्यासारखा व्हायचा आणि पुन्हा सुरू व्हायचा.

प्रवीण गॅलरीकडे निघाला. मी ओल्या हाताने त्याच्या शर्टाची बाही धरली. "बस," म्हटलं. "त्यांचं होऊ दे."